रानातले पाहुणे आणि बांधावरचा शेजारी

वाचकाचं पत्र :

नाना, सप्रेम नमस्कार.
पारोळा तालुक्यात नाल्याकाठी आमची नऊ एकर जमीन आहे. सहा वर्षांपासून तिथे आम्ही नवरा-बायको म्हातारे बैल, भाकड गाई, दोन गाढवं आणि एक आंधळी घोडी सांभाळतो. अकरा कुत्री आहेत. तीन एकरात चारा घेतो, बाकी रान तसंच सोडलंय. फवारणी नाही, शिकार नाही. हळूहळू ससे, तितर, मोर यायला लागले. खोकडाने बीळ केलं. आता नीलगायी दुपारभर नाल्यातल्या झाडीत बसतात, आणि मागच्या आठवड्यात गोठ्यामागे तरसासारखे ठसे दिसले. आम्हाला आनंदच आहे. पण शेजारच्या आबांचा मका आणि हरभरा रानडुकरं व नीलगायी खातात, आणि ते म्हणतात, "तुम्हनं रान, तुम्हना डुक्कर, मंग आम्हना मका कोन भरी दी?" तारेत करंट सोडायची भाषा करतात. त्यातच आमच्या सालदाराच्या पोरांनी मक्यातून नीलगायीचं पिल्लू उचलून आणलं. चार दिवस झाले, बाटलीने दूध पाजते आहे. त्याला ठेवून घ्यावं का? जनावरांना दाणा-पाणी ठेवावं का? 'अभयारण्य' अशी पाटी लावली तर आबांना जरब बसेल का?
— तुमची एक बहीण

ताई,

पत्र छापून येईपर्यंत पिल्लू थांबणार नव्हतं, म्हणून त्याच संध्याकाळी तुम्हाला फोन केला होता. तुम्ही १९२६ या वनखात्याच्या नंबरवर कळवलं आणि दुसऱ्या दिवशी वनरक्षक पिल्लू घेऊन गेले, हे बरं झालं. तुम्ही फोनवर रडलात, तेही समजलं. तरी इथे पुन्हा लिहितो, कारण असं पिल्लू उचलून आणणारी पोरं प्रत्येक गावात आहेत.

नीलगायीचं पिल्लू एकटं सापडलं म्हणजे ते टाकलेलं नसतं. नीलगाय नावाने गाय असली तरी पिल्लू सांभाळायची तिची रीत हरणांसारखी आहे. आई पिल्लाला गवतात नाहीतर मक्यात लपवते, स्वतः लांब चरते आणि ठरावीक वेळाने येऊन पाजते. पुष्कळदा जुळी असतात, आणि दोघांना वेगवेगळ्या जागी दडवलेलं असतं. पोरांना एक सापडलं, दुसरं कदाचित दहा पावलांवर असेल. अशा वेळी पिल्लाला हात न लावता मागे फिरायचं आणि कुत्री बांधून ठेवायची. उचलून झालंच असेल तर त्याच दिवशी, जिथून उचललं तिथेच, नेऊन ठेवायचं आणि लांब जायचं. उसात किंवा केळीत बिबट्याची पिल्लं सापडली तरी वनखातं हेच करतं. रात्री आई येते आणि घेऊन जाते. माणसाचा वास लागला की आई टाकून देते, हे आपल्याकडे समजतात तितकं खरं नाही. आई बिचकते ती आपल्या गर्दीला.

कायद्याचंही सांगून ठेवतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे असं जनावर घरी पाळता येत नाही. हातात आलं तर ४८ तासांच्या आत पोलीस ठाण्याला किंवा वनाधिकाऱ्याला कळवावं लागतं. तुमचे चार दिवस झाले होते. हेतू चांगला होता हे दिसतंय म्हणून कुणी काही बोललं नाही, पण त्यावर विसंबू नका.

आणि समजा, ठेवलंच असतं. मी नोकरीत नवा असताना एका वाडीवरून चिंकाऱ्याचं पाडस माझ्याकडे आलं. मी गुरांचा डॉक्टर, मला वाटलं मला सगळं येतं. दीड वर्ष ते दवाखान्याच्या आवारात वाढलं, माणसांच्या मागे फिरलं, कुत्र्यांना भिणं विसरलं. एका पहाटे बाहेरच्या कुत्र्यांनी त्याला कंपाउंडच्या कोपऱ्यात धरलं. त्याने पळायचा प्रयत्नसुद्धा केला नव्हता, जमिनीवरच्या खुणांवरून ते दिसत होतं. ती चूक माझी होती. नीलगायीच्या नराचं तर आणखी वेगळं. तो दोन-अडीचशे किलोचा होतो, आणि माणसाची भीड चेपलेला नर माजावर आला की आपल्यालाच प्रतिस्पर्धी समजतो.

तुमच्या म्हाताऱ्या बैलांना तुमचा हात लागतो. जखम धुवायला लागतो, भुस्सा भिजवून द्यायला लागतो. रानातून आलेल्यांना नेमका तो हातच नको असतो. ते तुमच्याकडे आलेत ते तुमच्या मायेसाठी नाही, तिथे त्यांना कुणी हात लावत नाही म्हणून. ताई, वाईट वाटून घेऊ नका, पण एवढं ध्यानात धरलंत तर तुमच्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं तुम्हालाच सापडतील.

दाण्याचं बघा. दाणा टाकू नका. एका जागी दाणा पडला की मोर आणि तितर तिथे रोज गोळा होतात, आणि फासे लावणाऱ्याला ती जागा आठ दिवसांत कळते. डुकरांना तर आमंत्रणच. तुमचं रान पोसायला समर्थ आहे. बोरी आहेत, बाभळीच्या शेंगा आहेत, दादर, म्हणजे रब्बीची ज्वारी, काढल्यावर सांडलेली कणसं आहेत. कोल्हा तर बोरांवर आणि उंदरांवर मजेत जगतो.

पाणी मात्र ठेवा. मे महिन्यात आपल्या जळगाव-भुसावळ पट्ट्यात पारा ४५ च्या वर जातो, नाले केव्हाच आटलेले असतात. पण गुरांच्या हौदावर रानातल्या जनावरांची सोय करू नका. त्याला कारण रोगांचं आहे. २०२२ मध्ये राज्यातली लम्पीची साथ आपल्याच जिल्ह्यातून, रावेर तालुक्यातून पुढे आली, ते दिवस तुम्हाला आठवत असतील. लाळ-खुरकूतही गुरांकडून नीलगायीला आणि तिच्याकडून परत गुरांना होऊ शकतो. म्हणून रानासाठी पाणवठा वेगळा, नाल्याच्या आतल्या अंगाला, गोठ्यापासून आणि आबांच्या बांधापासून जितका लांब नेता येईल तितका. बशीसारखा उथळ, कडा उतरत्या. सिमेंटचा खोल चौकोनी हौद केलात तर खारी, सरडे, तितराची पिल्लं त्यात बुडून मरतात. तसा हौद आधीच असेल तर त्यात दगड रचा, एक जाड फांदी तिरकी टाका. दर आठवड्याला घासून धुवा. बाकी तिथे जाऊन बसायचं नाही, फोटोसाठी तर नाहीच.

आता कुत्री. पत्रात तुम्ही एका ओळीत उरकलीत, मला मात्र तिथेच थांबावंसं वाटलं. अकरा मोकळी कुत्री म्हणजे सशाला, घोरपडीला, पाडसाला अकरा शिकारी. तुमच्या रानात बंदूक नाही, पण रात्री हे काम होत असणारच. शिवाय कुत्र्यांकडून डिस्टेंपर (कुत्र्यांचा एक जीवघेणा साथरोग) आणि रेबीज खोकडांत, कोल्ह्यांत जातात आणि बिळंच्या बिळं रिकामी होतात. सगळ्यांना दोन्ही लसी द्या, नसबंदी करून घ्या, आणि दिवस मावळला की जाळीच्या खोलीत आत घ्या. यात कुत्र्यांचाही फायदा आहे. तरस आणि बिबट्या दोघांनाही कुत्रं चालतं.

तरसाचं म्हणाल तर ते ठसे पुन्हा नीट बघा. ठशात नखं उमटली असतील आणि पुढचा पंजा मागच्यापेक्षा बराच मोठा असेल तर तरस. गोलसर पंजा आणि नखांची खूण नाही, तर बिबट्या. गोठ्यामागे बारीक धूळ पसरून ठेवा, सकाळी वाचता येते. तरस दिसायला भेसूर, पाठ उतरती, त्यामुळे त्याच्याबद्दल नाही नाही ते बोललं जातं. प्रत्यक्षात ते मेलेलं खाणारं जनावर आहे, हाडंसुद्धा फोडून खातं. माणसाच्या वाटेला सहसा जात नाही. बिबट्या निघाला तर मात्र गंमत समजू नका. २०१७ मध्ये चाळीसगाव तालुक्यातल्या गावांनी काय भोगलं ते तुम्हाला सांगायला नको. माणसं गेली, शेवटी त्या बिबट्याला गोळी घालावी लागली. आंधळी घोडी आणि लहान वासरं रात्री वरूनही बंद असलेल्या गोठ्यात हवीत, उघड्या खुंट्यावर नाही.

आणि तरस आलं कशासाठी? तुमच्याकडे म्हातारी जनावरं आहेत, म्हणजे वर्षाला दोन-चार मरत असणार. मेलेलं जनावर तुम्ही कुठे टाकता, ते पत्रात नाही. हा प्रश्न मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, कारण तो तुमच्या औषधांच्या कपाटापर्यंत जातो.

म्हाताऱ्या बैलाचे सांधे धरतात, आपण वेदनाशामक टोचतो. एके काळी आम्ही सगळे डायक्लोफिनॅक टोचायचो, मीही. ते टोचलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की गिधाडांचे मूत्रपिंड निकामी होतात. देशातली गिधाडं याच एका औषधाने संपत आली. २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली. पुढे २०२३ मध्ये केटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅकवरही आली. कपाटात जुन्या बाटल्या असतील तर आजच बाजूला काढा. कुणी माणसांचं इंजेक्शन 'तेच औषध आहे' म्हणून आणून दिलं तर घेऊ नका. मेलॉक्सिकॅम गिधाडांना सुरक्षित आहे आणि बैलांनाही चांगलं लागू पडतं. एखाद्या जनावराला डॉक्टरांनी दयामरणाचं इंजेक्शन दिलं असेल तर ते मढं उघड्यावर अजिबात पडू देऊ नका. खाणारा कोल्हा, तरस, कुत्रं, सगळे मरतील. खोल खड्डा, वर चुना, त्यावर माती, आणि उकरलं जाऊ नये म्हणून दगड आणि बोरीच्या काट्या. बाकीची मढीसुद्धा पुरलेलीच बरी. गोठ्यामागे मढं टाकणं म्हणजे बिबट्याला गोठ्याचा रस्ता दाखवणं.

उंदरांसाठी विषाच्या गोळ्या वापरत असाल तर त्याही बंद करा. विष खाल्लेला उंदीर गव्हाणी घुबड खातं, रानमांजर खातं. धामण आणि घुबड असताना चाऱ्याच्या गंजीला वेगळं औषध लागत नाही. वाळलेली, पोकळ झाडं तोडू नका. पिंगळ्याला राहायला तीच लागतात. आपल्या खान्देशात पोकळ झाडांचं मोल जास्तच आहे. रानपिंगळा नावाचं छोटं घुबड १८८४ नंतर कुणाला सापडलंच नव्हतं, संपलं म्हणून लिहून झालं होतं. ते १९९७ च्या नोव्हेंबरात शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याला पुन्हा दिसलं. तुमच्या नाल्यात ते येईल असं मी म्हणत नाही. पण लोक ज्याला 'पडीक' म्हणतात त्यात काय असू शकतं याचा अंदाज यावा म्हणून सांगितलं. आणि मार्च-एप्रिलमध्ये बांध पेटवायची आपल्याकडची खोड! तितराची अंडी जमिनीवर असतात. तुमचा बांध तर नाहीच, आबांनाही सांगून बघा.

आबांवर आलोच आहे, तर आता मुळातलं बोलू.

आबा चुकीचं बोलत नाहीत. नीलगायी दिवसा तुमच्याकडे दडतात आणि रात्री त्यांच्याकडे जेवतात, हे खरं आहे. तुमच्या रानाचं भाडं आबांच्या मक्यातून जातंय. तुम्ही पत्रात सहा ओळी खोकडाच्या पिल्लांवर लिहिल्यात (त्या इथे जागेअभावी गाळल्या), आबांचं किती नुकसान झालं यावर अर्धीसुद्धा नाही. आधी त्यांच्या बांधावर जा. पाटी घेऊन नाही, मोकळ्या हातांनी. त्यांच्याबरोबर शेत फिरून या, कुठून शिरतात ते बघा.

मग दोन गोष्टी तुमच्या बाजूने करा. आबांच्या बांधालगत वेडी बाभूळ आणि गाजरगवत माजलेलं असणार, ते काढून पंचवीस-तीस फुटांचा पट्टा उघडा ठेवा. डुकराला उघड्यावरून चालायला आवडत नाही, ते दाट झुडपातून थेट पिकात शिरतं. दाट झाडी नाल्यात आणि मधोमध राहू द्या. वेडी बाभूळ गेल्याने कुणाचं घर मोडत नाही, बोर आणि करवंद आहेत की.

दुसरं, नुकसानीची भरपाई मिळते आणि ती मिळवायला आबांना मदत करा. रानडुक्कर आणि नीलगायीने पीक खाल्लं तर तीन दिवसांच्या आत वनखात्याकडे अर्ज द्यावा लागतो, मग पंचनामा होतो. आबांसारखी माणसं चौथ्या दिवशी चावडीवर बोलतात आणि अर्ज राहून जातो. तुमच्याकडे चांगला मोबाइल आहे. सकाळी फोटो काढा, सातबारा जोडा, अर्ज तुम्ही भरा. भरपाईने सगळं भरून निघत नाही हे मलाही माहीत आहे. पण तुमच्या हाताने भरलेला अर्ज आबा विसरणार नाहीत.

करंटचं त्यांना एकदाच, शांतपणे सांगा. घरच्या लाइनचा करंट तारेत सोडणं गुन्हा आहे, आणि त्यात डुकराआधी माणूस सापडतो. रात्री पाणी भरायला गेलेला स्वतःचाच मुलगा किंवा सालदार. सौरऊर्जेचं झटका कुंपण वेगळं. त्यात झटका क्षणभराचा असतो, जनावर बिचकतं, मरत नाही. दोन्ही शेतांच्या सामाईक बांधावर ते मिळून घ्या, खर्चातला मोठा वाटा तुम्ही उचला. सरकारी अनुदानाची योजना आपल्या गावाला लागू आहे का, ते वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारा. कुंपणाची खालची तार मात्र जमिनीला टेकवू नका, ससा आणि घोरपड जायला जागा राहू द्या. ते लागेपर्यंत, मका उभा आहे तोवर, आठवड्यातल्या दोन रात्रींची जागल तुमच्याकडे घ्या. तुमचा सालदार आणि त्यांचा मुलगा माचावर बसतील. सालदाराला त्याचे वेगळे पैसे द्या, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) ठरलेल्या सालात हे काम नव्हतं.

आणखी एक गोष्ट तुम्हाला आवडणार नाही. डुकरं फारच वाढली तर पिकाच्या नुकसानीसाठी वनखात्याची रीतसर परवानगी मागायचा मार्ग शेतकऱ्याला कायद्याने ठेवलाय. आबांनी तो अर्ज केला तर त्यांच्याशी भांडू नका. परवानगी त्यांच्या शेतापुरती असेल, तुमच्या नाही. गावठी बॉम्ब, फासे आणि विष यांना मात्र ठाम विरोध करा. पिठाच्या गोळ्यातला बॉम्ब चावून जबडा फाटलेली गाय मी टाके घालायला बसलो होतो. टाके घालायला काही उरलेलंच नव्हतं.

पाटीबद्दल. 'अभयारण्य' हा शब्द लावू नका. यावल अभयारण्य आहे, अनेर धरणाचं आहे. ती सरकार जाहीर करतं. आपल्या शेतावर तो शब्द दिसला की आजूबाजूच्यांना वाटतं, आता चराई बंद, आता आमच्या जमिनींवर पण शिक्का. जरब बसण्याऐवजी गाव विरोधात जाईल, आणि कुणाचा तरी राग एखाद्या मोरावर निघेल. अगदीच कायद्याचं कवच हवं असेल तर वन्यजीव कायद्याच्या ३६-सी कलमात एक सोय आहे. मालक स्वतःहून पुढे आला तर खासगी जमीन सामुदायिक राखीव क्षेत्र म्हणून जाहीर होऊ शकते. पण एकदा जाहीर झालं की जमिनीचा वापर मनासारखा बदलता येत नाही. मुलांना विचारल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नका. सध्या साधी पाटी पुरे : 'येथे शिकार बंद. कुत्री सोडू नयेत.' आणि ती आबांच्या बांधाकडे तोंड करून नको, रस्त्याच्या बाजूला लावा.

तुमच्या पुढच्या पत्रात आबांच्या हरभऱ्याचं काय झालं ते आधी लिहा, खोकडाची पिल्लं नंतर.

तुमचा,
नाना

ता. क. विहिरीला कठडा आहे का? तुम्ही लिहिलं नाहीत आणि मीही फोनवर विचारायला विसरलो. आपल्याकडे रात्री वावरणारी जनावरं सगळ्यांत जास्त अडकतात ती बिनकठड्याच्या विहिरीत. तीन-साडेतीन फूट बांधून घ्या, आबांच्या विहिरीलाही मिळून बांधा. तोवर काही पडलंच तर काठावर गर्दी करू देऊ नका, वनखात्याला कळवा, आणि जनावराला टेकायला दोराने एक जुनी खाट खाली सोडून ठेवा.